सरांनी वगळलेले ठिपके

खडू आडवा धरायचा, मनगट जरासं थरथरवत वरून खाली ओढायचा, की झाला नॉर्वेचा किनारा तयार. आमच्या भूगोलाच्या सरांना त्याला तीन सेकंदही लागत नसत. मग ते वर्गाकडे वळून म्हणायचे, "बेटांचे ठिपके सोडा रे. पेपरात विचारत नाहीत."

नाशिकरोडच्या त्या शाळेत मी चित्रकला शिकवायचो. आम्हा दोघांना मिळून एकच कपाट होतं, त्यातून मैत्री झाली. तुमचा किनारा चुकतो, असं मी त्यांना सांगायचो. "चित्रकार, तुम्ही आपले आंबे काढा," म्हणून ते मला गप्प करायचे. असे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील, नवा मुलगा आला की नावाआधी गाव विचारणारे. "निफाडचा? मग स्वेटर कुठंय? सगळी थंडी तर तुमच्याकडं पडते." पोरं हसायची. सर हसत नसत, पण मिशी हलायची.

त्यांचा एकुलता एक मुलगा नंदू त्यांच्याच वर्गात शिकला. ठिपके काढायचा हट्ट धरला म्हणून त्यानं बापाच्या हातची पट्टीही खाल्ली होती. पुढं तो मालवाहू जहाजावर नोकरीला लागला. नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात त्याचं कार्ड आलं आणि सरांनी ते शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं.

"बाबा, तुम्ही सोडायला लावलेल्या ठिपक्यांपैकी एकावर उभा आहे. इथं शाळा आहे, चर्च आहे. मासे लाकडी मांडवांवर वाळत घालतात, आपल्याकडच्या द्राक्षांसारखे मांडव. रानबदकांना अंडी घालायला माणसं दगडांची छोटी घरं बांधून देतात आणि बदकं गेली की मऊ पिसं गोळा करतात. आता तरी त्या ठिपक्याचा अर्धा मार्क द्या."

सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

पुढच्याच फेरीत, त्याच बेटाजवळ, वादळात नंदू जहाजावरून समुद्रात पडला. सरांच्या घरी फोन नव्हता, म्हणून कंपनीचा फोन शाळेत आला. तो मी उचलला. पडला, शोधलं, सापडला नाही, एवढंच ते सांगत होते. वर्गात सर सातवीला गोदावरीचं खोरं शिकवत होते. तास संपेपर्यंत मी दाराबाहेर उभा राहिलो. आत जायचा धीर झाला नाही.

'सापडला नाही' हे दोन शब्द सरांनी घट्ट धरून ठेवले. बेटावर शाळा आहे हे नंदूनंच कळवलं होतं. तिथल्या भूगोल शिक्षकाला त्यांनी इंग्रजीत पत्र टाकलं. महिन्याभरानं तिथं भूगोल शिकवणाऱ्या बाईंचं उत्तर आलं, सोबत बेटाचा नकाशा. सरांनी तो माझ्यापुढं पसरला.

"चित्रकार, मोठा करून द्या. एकही ठिपका सोडायचा नाही."

एक मोठं बेट आणि भोवती शेकड्यांनी खडक नि लहान बेटं, हातातून मोहरी सांडावी तशी. दोन महिन्यांचे रविवार मी ते काढत होतो. सर शेजारी बसून सांगत राहायचे. दगडाच्या हत्यारांच्या काळापासून तिथं माणसं राहतात. डोंगर थेट समुद्रातून उठतात. गरुड आहेत, ते मासे धरतात. आणि प्रत्येक वेळी शेवटी हेच, "जी माणसं बदकाला घर बांधून देतात, ती माझ्या पोराला बाहेर काढणार नाहीत?"

एकेका ठिपक्याचं नाव लिहून ते बाईंना विचारायचे, इथं झोपडी आहे का, कोणी जातं का. त्या बाई खरंच होडीनं जाऊन पाहून यायच्या आणि कळवायच्या. उत्तर आलं की सर पेन्सिलीनं त्या ठिपक्यावर फुली मारायचे. तो नकाशा आज माझ्याकडे आहे. सर जाऊन बरीच वर्षं झाली, तरी मला तो उघडवत नाही. इतके सुबक ठिपके काढून मीच त्यांना इतकी खोटी आशा दिली, असं वाटून माझीच मला चीड येते.

सहा वर्षं अशी गेली. गावोगावची माणसं आपल्या गेलेल्यांसाठी आमच्या रामकुंडावर येतात. सरांच्या घरापासून ते सिटी बसनं अर्ध्या तासावर. नंदूची आई, आमच्या वहिनी, म्हणायच्या, देह मिळाला नसला तरी गुरुजी दर्भाचा पुतळा करून विधी करून देतात, पोराला मोकळं करू या. सर म्हणायचे, "अजून फुल्या संपल्या नाहीत."

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. सरांचं नेहमीचं चाललं होतं. "इतक्या उत्तरेला असून तिथलं बंदर गोठत नाही, चित्रकार. गरम प्रवाह आहे."

वहिनी मेथी निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "अहो, मग पाणी किती गरम असतं हो?"

 हा प्रश्न मला कितीतरी वेळा विचारावासा वाटला होता. सरांनी तो सहा वर्षांत बाईंनाही विचारला नव्हता, कारण उत्तर त्यांना पाठ होतं. आयुष्यभर शिकवलेल्या विषयात खोटं बोलणं त्यांना जमलं नाही.

"गरम नसतं," ते म्हणाले. "गोठत नाही, एवढंच."

"माणूस किती वेळ..."

"थोडाच वेळ."

वहिनींनी मेथीची जुडी खाली ठेवली. मग सरच म्हणाले, "गुरुजींना विचारून ठेवा."

पौषातली सकाळ होती. निफाडकडची थंडी शहरात उतरली होती. विधी झाला, पुतळ्याला अग्नी दिला आणि सर स्नानाला कुंडात उतरले. एक बुडी झाली, तरी ते वर येईनात. छातीभर पाण्यात नुसते उभे. ओठ निळे पडले, दात वाजू लागले.

"काका, झालं सगळं. बाहेर या," गुरुजी म्हणाले.

ते हलेनात, तेव्हा मी पायऱ्या उतरून त्यांचा दंड धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओंजळीत पाणी होतं.

"चित्रकार," ते म्हणाले, "हे तर गरम आहे हो."