डाव्या सीटवरचा आवाज

आमच्या ह्यांचा आवाज गोड आहे, हे मला दातांच्या डॉक्टरणीनं सांगितलं. आरोही तिचं नाव, दवाखाना आमच्याच कॉलनीत. माझी दाढ कोरता कोरता ती म्हणाली, "शरद सर किती शांत बोलतात हो काकू. बाजूला बसले की भीतीच वाटत नाई." माझ्या तोंडात तिची नळी होती, म्हणून उत्तर राहून गेलं. नाही तर सांगितलं असतं, की त्याच सकाळी या शांत माणसानं गेट उघडं राहिलं म्हणून अख्खी कॉलनी जागी केली होती.

शरदचंद्र, म्हणजे आमचे हे, जमीन मोजणीच्या खात्यात आहेत. आठवडाभर लोकांच्या हद्दी मोजायच्या, तहसीलमध्ये नकाशे आणि पंचनामे घेऊन उभं राहायचं आणि घरी आलं की डोकं दुखतं म्हणून आडवं व्हायचं. जेवताना बोलणं म्हणजे "मीठ" नाही तर "पाणी". पण रविवार उजाडू द्या. सकाळीच दाढी होते, इस्त्रीचा टी-शर्ट अंगावर चढतो, हेल्मेट मऊ फडक्यानं पुसलं जातं आणि गाणं गुणगुणत आमची लाल गाडी बाहेर निघते. हे कार क्लबात शिकवायला जातात. एक पैसा न घेता. याला आमच्यात घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात.

शहराबाहेर तलमडुगू गावाच्या रस्त्याला एक वेंचर आहे. वेंचर म्हणजे प्लॉट पाडून ठेवलेली जमीन. रुंद डांबरी रस्ते झाले, कमान झाली, प्लॉटांच्या हद्दीचे दगड रोवून झाले, घर मात्र एकही उठलं नाही. चहूकडे कापूस आणि मधे रिकामे रस्ते. मालक क्लबाचा मेंबर, म्हणून रविवारी कमानीखाली दोर बांधतात आणि आत गाड्या पळतात. शर्यत मात्र नाही. तिथे कुणी कुणाला हरवत नाही. डॉक्टर, वकील, बँकवाले आपापल्या गाड्या घेऊन येतात आणि वेगातली गाडी ताब्यात कशी ठेवायची ते शिकतात. शिकणारा उजवीकडे स्टिअरिंगवर, शिकवणारा डावीकडे. डावीकडे ना ब्रेक ना क्लच. शिकवणाऱ्याजवळ फक्त तोंड असतं.

क्लबाचे मुख्य शिक्षक भगवानराव. निवृत्त बँक मॅनेजर, दक्षिणेत कुठेशी ट्रॅकवर जाऊन शिकून आलेले आणि नियमांच्या बाबतीत अजून कॅशियरसारखे कडक. ते मला एकदा म्हणाले, "वहिनी, चांगली गाडी चालवणारे पैशाला पासरी भेटतात. डाव्या सीटवर बसवावा असा मानूस भेटत नाई." त्या सीटवर आवाज चढवायचा नाही. विद्यार्थ्याला नावानं हाक मारायची नाही, मग तो पुतण्याच्या वयाचा का असेना, सर किंवा मॅडम. आपण स्वतः किती जोरात चालवतो ते मिरवायचं नाही. बोलायचं ते चूक होण्याआधी. झाल्यावर कुणीही बोलतो. स्टिअरिंगला हात लावायचा नाही, कारण हात लावावा लागला म्हणजे शब्द उशिरा आला. आणि घरच्या माणसाला शिकवायचं नाही.

या शेवटच्या नियमावर माझा सगळ्यात राग होता.

मी तिथल्या बसायच्या मंडपात पोहे घेऊन जायची. गाडी आत असताना काचा खाली ठेवायच्या, असाही एक नियम आहे, त्यामुळे मंडपाजवळच्या वळणावर गाड्या हळू झाल्या की आतलं बोलणं ऐकू यायचं. "छान. नजर पुढे. अजून पुढे. आता ब्रेक. सोडा, हळू सोडा. शाब्बास, मॅडम." हा माझा नवरा. घरी वऱ्हाडीत खेकसणारा माणूस तिथे पुस्तकातलं बोलत होता, आणि तेही साय धरलेल्या दुधासारखं मऊ. आरोहीच्या गाडीतून ते शाब्बास कानावर आलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. मी पोह्यांवर लिंबू पिळायची आणि पिळतच राहायची.

लग्नानंतर कधीतरी यांनी मला गाडी शिकवायला घेतली होती. ती शिकवणी मावला गावाच्या रस्त्यावर, पहिल्याच वळणावर संपली. "अवं क्लच! क्लच म्हन्लं ना! डोळे कुठं हायेत तुहे?" मी किल्ली बॉनेटवर ठेवली आणि ऑटोनं घरी आले. पुढे गाडी मी मोटर ट्रेनिंगवाल्याकडून शिकले. ती शिकवणी मी विसरलेही असते. पण हाच माणूस परक्या बायकांना शाब्बास म्हणतो, हे कळल्यावर ती रोज आठवायला लागली. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. आमच्याकडे पिकतच नव्हतं, सगळा माल थेट बाहेर.

मग मीही क्लबात नाव घातलं. नियमाप्रमाणे हे मला मिळाले नाहीत, भगवानराव मिळाले. त्यांनी मन लावून शिकवलं, मीही शिकले, पण त्यांचा आवाज कापसाच्या लिलावातल्या बोलीसारखा. मला शिकायचंच कुठे होतं? मला तो आवाज हवा होता, माझ्यासाठी, एकदा तरी.

दर वर्षी पावसाळा संपला की शिकवणाऱ्यांची परीक्षा होते. भगवानराव स्वतः विद्यार्थी होऊन गाडी चालवतात आणि मुद्दाम चुका करतात. डावीकडचा माणूस काय बोलतो, कधी बोलतो आणि कसा बोलतो ते पाहतात. नापास झाला तर वर्षभर डावी सीट बंद, वळणावर झेंडा घेऊन उभं राहायचं. या वर्षी त्यांचा गुडघा धरला होता. म्हणाले, "मी मागं बसतो. शरदभाऊच्या गाडीत चुका वहिनी करतील."

"घरच्या माणसाले चालत नाई ना?" हे म्हणाले.

"शिकवाले चालत नाई. हे तपासनं हाय. अन् ज्याची जीभ बायकोसमोर ताब्यात राहील, त्याले मी कोनाच्याबी शेजारी बसवतो."

"दुसरं कोनी नाई का पन?"

हे मात्र मला लागलं. "काऊन? माह्या शेजारी बसाले काटे टोचतात का?" मी म्हटलं. हे हेल्मेटचा पट्टा लावत बसले.

करायच्या चुका भगवानरावांनी मला बाजूला घेऊन सांगितल्या. एकदा ब्रेक उशिरा दाबायचा, एकदा वळणावर ठेवलेल्या केशरी प्लास्टिकच्या कोनकडे टक लावून पाहायचं आणि शेवटी वळणाच्या मधेच अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढायचा. सगळं मध्यम वेगात. मी हो म्हटलं. हे नापास व्हावेत असं माझ्या मनात नव्हतं. डावी सीट गेली तर रविवारही घरी मीठ-पाणी करत बसतील, हे मला कळत होतं.

गाडी सुरू झाली. डावीकडून आवाज आला, "आरामात, मॅडम. आधी एक फेरी नुसती रस्ता बघू."

तोच आवाज, इतक्या जवळून.

मी ब्रेक उशिरा दाबला. गाडी वळणावर लांब गेली. "हरकत नाही. पुढच्या वेळी कमानीची सावली लागली की दाबा. मी आठवण करतो." ना सुस्कारा, ना कपाळाला हात. पुढच्या फेरीला मी कोनकडे पाहत राहिले. "कोन सोडा, मॅडम. आपण बघतो तिकडेच गाडी जाते. नजर वळणाच्या पलीकडे. बरोबर. शाब्बास."

मिळालं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जळत होते ते शाब्बास माझ्या कानात पडलं. आणि काय सांगू, मला आनंद झालाच नाही. मला त्या मॅडमचा हेवा वाटला. स्टिअरिंगवर बसलेली ती मॅडम कोण, जिच्याशी माझा नवरा इतकं छान बोलतो? बोलताना याचा चेहरा तरी कसा होत असेल? हसतो का? आरोहीला दिसत असेल तो, मला कधीच दिसलेला नाही. म्हणून मी मान वळवली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

ही चूक मला कुणी सांगितलेली नव्हती. मी डावीकडे पाहिलं आणि गाडीही डावीकडे निघाली. डांबर सुटलं, खाली खडी वाजायला लागली, आणि यांचा चेहरा, जो खरंच शांत होता, जरासा हसराही होता, तो माझ्या डोळ्यांसमोर पांढरा पडला.

"विनू!"

माझं नाव आलं, आणि पाठोपाठ स्टिअरिंगवर त्यांचा हात आला. हद्दीचा दगड माझ्या नाही, त्यांच्या दाराजवळून गेला. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली आणि मागून धूळ येऊन काचेवर बसली. त्यांचा हात अजून स्टिअरिंगवरच होता, खरं तर माझ्या हातावर, आणि बोटं अशी रुतली होती की पुढे आठवडाभर वळ दिसत होते.

"हात घातला, शरदभाऊ," भगवानराव मागून म्हणाले.

"घातला."

"शब्द होता तुमच्यापाशी. 'समोर' म्हन्लं असतं तरी पुरत होतं. आरोही मॅडमनं मागच्या साली असंच केलं, तवा तुमी शब्दावर गाडी आनली होती."

हे समोरच्या धुळीकडे बघत म्हणाले, "परकं मानूस असलं तर शब्द सुचतो भाऊ."

भगवानरावांनी त्यांना नापास केलं. माझ्या मानेचा उल्लेखही केला नाही. विद्यार्थी काहीही करेल, डावी सीट ज्याची त्याची जबाबदारी, असा तो क्लब आहे. परतताना हे अख्ख्या रस्त्यानं माझ्यावर ओरडत होते. डोळे कुठं होते तुहे, जीव जाता ना, दगड दिसत नाई का, अक्कल गहान ठेवली का. मी गाडी चालवत होते आणि ऐकत होते. एकही शब्द मला लागला नाही. वाटलं, घर जरा लांब असतं तर बरं झालं असतं.

आता रविवारी हे मंडपाजवळच्या वळणावर पिवळा झेंडा घेऊन उन्हात उभे असतात. दाढी अजून करतात, गुणगुणणं बंद झालंय. मला वाईट वाटत नाही असं नाही. मी पोहे आधी त्यांना नेऊन देते.

परवा आरोही नव्या शिक्षकाबरोबर एक फेरी मारून आली आणि हेल्मेट काढून माझ्याजवळ बसली. मन लागत नव्हतं तिचं. "काकू, सर यंदा काऊन नाई? त्यांनी म्हने स्टिअरिंगले हात घातला. खरं वाटत नाई मला. सरांनी? कोनाच्या गाडीत?"

मी बांगड्या वर सारल्या. वळ केव्हाच गेले होते, तरी मनगट जरा तिच्या पुढ्यात धरलं.

"माझ्या," मी म्हटलं, आणि तिला पोह्यांची बशी दिली.