अर्धं जावळ

आमच्या बेळगावच्या खासबागेत बाळ जन्मलं की बायका आधी विचारतात, कुणावर गेलंय? रचना हलगेकरनं आपल्या पोराकडं पाहून म्हणे विचारलं, "याचा चेहरा कॅमेऱ्यात कसा येईल?" हे मला तिच्या सासूनं सांगितलं, म्हणजे त्यात चार दाणे मीठ जास्तच असणार. पण रचनाला ओळखणारं कुणी ते खोटं म्हणायचं नाही.

रचना बेळगुंदीची. बाप रताळी-बटाटे पिकवणारा. पोरगी बेळगावात कॉलेजला आली ती रूप घेऊनच, आणि ते ती कधी विसरली नाही, आम्हालाही विसरू दिलं नाही. कॉलेजात असताना एका साडीच्या दुकानदारानं तिला कॅलेंडरसाठी शालू नेसून उभी राहशील का म्हणून विचारलं. फोटोच्या दिवशी बाप मोटारसायकलवरून दुकानात आला, नेसत्या शालूनिशी तिला मागं बसवलं आणि घरी नेलं. "आमची पोरगी दुकानातली भावली न्हाय," एवढंच म्हणाला. शालू तेवढा दुसऱ्या दिवशी परत पाठवला. वर्षाच्या आत तिचं लग्न झालं आणि ती आमच्या शेजारी आली. कॅलेंडरवर दुसरीच कुणी उभी राहिली. ते कॅलेंडर त्या वर्षी गल्लीत घरोघरी लागलं होतं. नवी नवरी रचना हळदीकुंकवाला ज्या घरात जाई, तिथं भिंतीवरून ती दुसरी हसत असे. माझ्या घरी तर रचना भिंतीकडं पाठ करूनच बसायची. मी मुद्दाम तिला पाट दुसऱ्या बाजूला टाकायची.

सासू यशोदाबाई. नवरा लवकर गेला, मसाला कुटायची गिरणी चालवून मुलगा वाढवला. गिरणी बंद होऊन बरीच वर्षं झाली, आवाज तेवढा तिच्याच गळ्यात राहिला. मुलगा विक्रम उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर काम करतो. घरात त्याचा आवाज ऐकू आला म्हणजे त्याला शिंक आली असं समजायचं.

अशा घरात अनय जन्मला, आणि डोक्यावर ही कुरळी जावळं घेऊन. पोर गोड होतं, हे मलाही कबूल करावं लागतं. पण रचनानं त्याचं बाळपण सुरू होऊ दिलं नाही, सरळ नोकरीच सुरू केली. रोज सकाळी खिडकीपाशी पांढरी चादर अंथरायची, पोराला मधोमध बसवायचं आणि मोबाईल घेऊन स्वतः भोवती रांगायचं. पोर अजून रांगत नव्हतं, आईच आधी रांगायला लागली. कोल्हापूरपासून पुण्यापर्यंत जिथं जिथं लहान मुलांचे फोटो लागतात, तिथं तिथं तिनं अनय पाठवला.

सगळ्यात मोठी लढाई तिटीची. यशोदाबाई पोराच्या गालावर रुपयाएवढी काजळाची तीट लावायची. रचना ती ओल्या फडक्यानं पुसायची. सासू परत लावायची. दुपारपर्यंत पोराचा गाल तव्याच्या बुडासारखा व्हायचा.

"दृष्ट लागंल त्येला," सासू ओरडायची.

"लागू दे! लोकांनी बघावं म्हणूनच काढतेय फोटो!"

"कसली आई गं तू!"

"आणि तुम्ही काळं फासणारी कसली आजी?"

पोराला दहावा महिना लागला आणि कोल्हापूरच्या एका स्टुडिओचा फोन आला. इचलकरंजीचा कुणी झबली-टोपडी बनवणारा होता, त्याला खोक्यावर छापायला बाळ हवं होतं. अनयची कुरळी जावळं त्याला पसंत पडली होती. अट एकच, केसांना कात्री लावायची नाही. पुढच्या महिन्यात बोलावतो म्हणाले. रचनानं गल्लीभर पेढे वाटले. मला दोन दिले, म्हणजे मी चार जणींना सांगावं. मी दहा जणींना सांगितलं.

आता इकडं यशोदाबाईचा हिशेब वेगळा. जावळ काढायचं ते वर्षाच्या आत, विषम महिन्यात. सातवा गेला, नववा गेला, उरला अकरावा. तोही चुकला तर तिसऱ्या वर्षापर्यंत थांबायचं, आणि थांबलं तर कुलदैवताचा कोप. हलगेकरांचं कुलदैवत जोतिबा. पण जावळ काढायला पोराला मामाच्या मांडीवर बसवावं लागतं, आणि इथंच रचनानं पाचर मारून ठेवली होती. तिला भाऊ एकच, भरमू. तिनं त्याला दम भरला होता, "आत्तीचा फोन आला की तुला वेळ नाही म्हणायचं." आमच्याकडं सुना सासूला आत्ती म्हणतात. भरमूला बहिणीपेक्षा वाघ परवडला असता. यशोदाबाईनं फोन केला की त्याची रताळी काढणी चालू असायची. आमच्या अंदाजानं त्यानं त्या महिन्यात अख्ख्या जिल्ह्याची रताळी काढली.

"मामाच नाही तर जावळ कसं काढणार?" रचना मला हसून म्हणाली. "बसू देत बोंबलत."

हुशार पोरगी, पण आपलं माहेर एका भावाएवढंच आहे असं समजून बसली. आईच्या गावचा कुठलाही गडी पोराला मामाच लागतो, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. आणि बेळगुंदीहून रोज सकाळी आमच्या गल्लीत दूध घालायला येतो मष्णू. रचना स्वतः त्याला मष्णूअण्णा म्हणते.

रविवारी कोल्हापूरला फोटो. शनिवारी सकाळी रचना भुवया कोरायला पार्लरला गेली, कारण एका फोटोत बाळाला धरणारे हात आईचे असणार होते. हातांसाठी भुवया कशाला, ते तिलाच ठाऊक. तिची पाठ वळली आणि यशोदाबाईनं दारात मष्णूला पकडलं.

"मष्णू, बस पाटावर. तू मामा हाईस."

"आक्का, दूध फाटंल ओ. अजून चार घरं हाईत."

"फाटू दे. पोराचं नशीब फाटायपरीस बरं."

न्हावी यल्लाप्पाला आधीच बोलावून ठेवलेलं. मला हाक आली ती जावळ झेलायला. ते केस जमिनीवर पडू द्यायचे नसतात, आत्यानं पदरात घ्यायचे. विक्रमला बहीण नाही, म्हणून पदर माझा. असल्या कामाला मी कधी नाही म्हणत नाही.

यल्लाप्पानं पाणी लावलं, वस्तरा चालवला. डावी बाजू लख्ख झाली. उजव्या बाजूला वस्तरा वळवणार इतक्यात दारात रचना. पार्लरची लाईट गेली म्हणून तशीच परत आलेली.

ती ओरडली ती अशी की मष्णूच्या किटलीचं झाकण पडलं. तिनं पोराला त्याच्या मांडीवरून हिसकावलं. डावीकडं टक्कल, उजवीकडं कुरळ्या लाटा, आणि मधोमध पोराचा भोंगा.

"आत्ती! उद्या फोटो आहे माझ्या पोराचा! उद्या!"

"जोतिबाचा मान मोठा का तुझ्या खोक्याचा?"

"मला बापानं दुकानातून उठवून आणलं, तेव्हा गप बसले मी. आता माझ्या पोराच्या वेळेला गप बसणार न्हाय!" एरवी शुद्ध बोलणारी रचना न्हायवर आली, आणि मग माझ्याकडं वळली. "आणि तुम्ही अक्काताई? शेजारीण म्हणून पेढे खाल्लात ना तुम्ही?"

मी पदर घट्ट धरला. पेढे बरे होते, एवढं मनात म्हटलं.

यल्लाप्पा वस्तरा मिटत पुटपुटला, "बेड री, आक्का, बेड." म्हणजे नको बाई नको. पण यशोदाबाईनं त्याचा हात धरला. "निम्मं काढलंयस, निम्मं काढूनच जायाचं. अर्धं जावळ ठेवलं तर अपशकुन."

रचनाचा चेहरा तेव्हा बदलला. आपल्या हातात काय आलंय ते तिला कळलं. "अपशकुन काय? मग बसा आता. उजवी बाजू माझी. लावा हात, बघते."

जिनं चोरून अर्धं उरकलं, तीच आता उरलेल्या अर्ध्यासाठी सुनेच्या तोंडाकडं बघायला लागली. मला काय मजा वाटली म्हणून सांगू!

मग आरडाओरडा ऐकून आतून आलेला विक्रम बोलला. शिंक नव्हती, खरंच बोलला. "उद्या रविवार. कोल्हापूर तिकडंच, जोतिबाबी तिकडंच. फोटू काढू, मग जावळ काढू."

"तू गप बस!" दोघी एकदम ओरडल्या, आणि दुसऱ्या दिवशी तेच केलं.

मित्राची ओमनी काढली. विक्रम गाडी चालवायला, शेजारी यल्लाप्पा, कारण एकाच्या हाताचं जावळ दुसऱ्यानं पुरं करायचं नसतं. मागं मांडीचा मालक मष्णू, सासू, सून, पोर. आणि मी, कारण अर्धी जावळं माझ्या पदराला बांधलेली. निपाणीपर्यंत रचना बोलत होती. गावंढळ, अडाणी, माझ्या पोराच्या वाटेतली धोंड, काही शिल्लक ठेवलं नाही. निपाणीत चहाला थांबलो. तिथं यशोदाबाईनं सुरू केलं ते पार कागल येईपर्यंत. "पोराला इकायला निघालीस" हे तर तिनं इतक्या वेळा म्हटलं की यल्लाप्पा मान हलवून ताल धरायला लागला.

स्टुडिओतला फोटोग्राफर पोरगेलासा. त्यानं पोराची टोपी काढली आणि मागं सरकला.

"मॅडम, हे काय?"

"एका बाजूनं घ्या," रचना ताठ मानेनं म्हणाली. "उजवी बाजू पूर्ण आहे."

झबलं घातलं, पांढऱ्या कापडावर बसवलं. पण अनय उजवी बाजू दाखवेना. खुळखुळा वाजवला, रबरी बदक दाबलं, मोबाईलवर गाणं लावलं, पोर आपलं टक्कलच पुढं करायचं. रचनानं "अनू, इकडं बघ सोन्या" म्हटलं की ते हात पसरून रडायचं, कारण आई दिसली की उचलून घेणार एवढंच त्याला ठाऊक.

यशोदाबाई दाराशी स्टुलावर पाठ करून बसली होती. असलं धंदेवाईक काम डोळ्यांनी बघायचं नाही म्हणून. ती खोकली आणि पोरानं रडं थांबवून मान तिकडं वळवली. ती परत खोकली. परत मान वळली.

"त्या आजींना पलीकडं, बाळाच्या डाव्या अंगाला उभं करा," फोटोग्राफर म्हणाला. "म्हणजे तिकडं बघंल आणि उजवी बाजू आपल्याकडं येईल. लवकर करा, इचलकरंजीच्या शेठचे लोक वाट बघायला लागलेत. नाहीतर दुसरं बाळ बोलावून ठेवलंय."

खरंच पलीकडच्या खोलीत दुसरं बाळ होतं. सगळं डोकं कुरळं. रचनानं ते पाहिलं. ती स्टुलापाशी गेली.

"आत्ती, जरा तिकडं उभ्या ऱ्हावा."

"कोण? मी? मी तर वाटेतली धोंड."

"रागात म्हटलं."

"निपाणीपतोर राग व्हता. कागलच्या फुडं गप बसलीस, त्यातबी तेच म्हणत व्हतीस."

"काय पायजे तुम्हाला? पाया पडू?"

"तीट."

"फोटोत काळा डाग दिसंल!"

"मग घेऊन जा पोराला."

रचनानं एकदा पलीकडच्या खोलीकडं पाहिलं. मग पर्समधून काजळाची डबी काढून तिच्या हातावर आपटली. "टकलाच्या बाजूला लावा. तिकडची बाजू फोटोत येणार नाही."

यशोदाबाईनं डाव्या कानामागं ही एवढी तीट काढली. पलीकडं जाऊन टाळी वाजवली. "आन्या! आन्या रं माझ्या वाघा!" पोरानं मान वळवली आणि तोंडभर हसलं. कॅमेरा खटाखट वाजला. रचना पोराकडं बघतच नव्हती, ती पडद्यावर उमटणारा फोटो बघत होती, आणि ओठ दाबून धरले होते. कुणाची सून म्हणून नाही, त्या कॅलेंडरवर कशी दिसली असती ती, असा विचार माझ्याही मनात येऊन गेला. मी तो लगेच झटकला.

दुपारी जोतिबावर उरलेली बाजू झाली. मष्णूची मांडी, यल्लाप्पाचा वस्तरा, माझा पदर.

खोका दिवाळीच्या आधी खडेबाजारात आला. रचना येईल त्याला दाखवायची, "डोळे बघा, किती बोलके." आतून आवाज यायचा, "माझ्याशी बोलायलेत ते!" फोटोत पोर कडेच्या बाहेर कुणाकडं तरी बघून हसतंय, हे तर दिसतंच. एकदा रचना चिडून म्हणाली, "तुम्ही फोटोत कुठं आहात?" यशोदाबाई म्हणाली, "तुझ्या खोक्यात मावंना मी."

पुढचं काम मात्र आलं नाही. स्टुडिओनं सांगितलं, केस वाढले की फोटो पाठवा. केस वाढले, पण सरळ. मक्याच्या कणसाच्या तुऱ्यासारखे. जावळानंतर पुष्कळांचे होतात तसे. रचना म्हणते सासूनं पोराचं करियर वस्तऱ्यानं कापलं. सासू म्हणते देवानं ऐकलं. दोघींचं बोलणं आता पोरामार्फत चालतं, "आन्या, तुझ्या आईला सांग," "अनू, आजीला सांग." सकाळी रचना त्याचे केस ओले करून एकेक बट बोटाला गुंडाळते, दहा मिनिटं धरून ठेवते. ती अंघोळीला गेली की यशोदाबाई तेल थापून फणीनं सगळं चपट करते. मग परत पहिल्यापासून.

परवा अनय आमच्या दारात आला होता. मी सहज चिडवलं, "काय रं आन्या, फोटू काढायचा काय?"

पोरानं दोन्ही हातांनी डोकं गच्च झाकलं आणि माझ्या पदराखाली शिरायला लागलं.