काठ-पदर नसलेली चित्रं

“रंग जाते का नाही, ते सांग आधी!” बाई ओरडली आणि थुंकी लावलेलं बोट तिनं माझ्या नवऱ्याच्या मावळत्या सूर्यावर घासलं.

नवरा कोपऱ्यात उभा होता. चेहरा असा, की सूर्य नाही, त्याचं काळीजच कोणी पुसतंय. पण तोंडातून शब्द नाही. तसा तो चारचौघांत सहसा निघायचा नाही. आमच्या लग्नात भटजींनी विचारलं, “नवरदेव कुठं आहेत?” तेव्हा हा त्यांच्यासमोर अंतरपाट धरून उभ्या असलेल्या लोकांना जागा करून देत होता.

मग मीच ओरडले. माझा आवाज म्हणजे तोफ. मी बर्डीच्या बाजारात हाक मारली की कोसावरच्या नंदनवन वस्तीतल्या म्हशी आटायच्या.

“अवं बाई, चित्र आहे ते. लुगडं नाही.”

“मंग कापडाच्या दुकानात काहून टांगलं?” ती म्हणाली.

तिचं काही चुकलं नव्हतं. कारण दुकान कापडाचंच होतं. निदान गेल्या महिन्यापर्यंत होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सीताबर्डीच्या एका गल्लीत माझ्या सासऱ्यांचं दुकान. त्यांना मुख्य रस्त्यावर मोठी जागा मिळाली, तिथं पहिल्या तारखेचा मुहूर्त धरला, आणि सगळा माल तिकडं गेला. कपाटंसुद्धा गेली. मागं उरली भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरलेली पांढरी गादी, कारण नव्या दुकानात काचेचे काउंटर होते. आणि उरली बाहेरची कापड दुकानाची पाटी. ती चांगला दिवस पाहूनच उतरवायची, असं सासऱ्यांचं म्हणणं.

नवरा एकुलता एक. नव्या दुकानात त्यानं बसायचं, हे तो पाळण्यात असतानाच ठरलेलं. एकदा त्याला बसवून पाहिलंही होतं. गिऱ्हाइकानं हिरवं पातळ मागितलं. यानं विचारलं, “कोणतं हिरवं?” आणि त्यावर अशी चर्चा लांबवली, की बाई आली तेव्हा सुनेसाठी घेत होती, गेली तेव्हा नातसुनेचं बघू म्हणाली.

त्याला चित्रं काढायची होती. दुसरं काही नाही. दुकानातल्या मांजरपाटावर तैलरंगांनी रंगवायचा. चित्रं म्हणजे नुसते रंग. वर भगवा, खाली काळा, मधे एक रेघ. लग्नानंतर मी पहिलं चित्र पाहिलं तेव्हा मला वाटलं, भिंतीला ओल आली. पण रोज समोर राहिलं तसं ते मला आवडायला लागलं, आणि मला एकदा आवडलं की संपलं.

दोघं बापलेक एकमेकांशी बोलायचे नाहीत, म्हणून बोलणी माझ्यामार्फत झाली. सासरे म्हणाले, “रिकाम्या दुकानात लावू दे त्याले चित्रं. महिनाअखेरीले कुलूप लागेपर्यंत एक माणूस असा दाखवा, घरचा नाही, दोस्तांतला नाही, जो कापड न विचारता सगळी चित्रं पाहून जाईल. दाखवला, तर काढत बसू दे जन्मभर. नाही तर पहिल्या तारखेपासून दुकान.”

मी लगेच कबूल केलं. पाटीचं माझ्या लक्षातच आलं नाही. सासऱ्यांच्या आलं होतं.

तर ती बाई. खेड्यावरून आलेली, हातात पिशवी. तिनं बोट उलटून पाहिलं. रंग आला नव्हता. मग नाक लावलं. “जवसाचं तेल हाय हे. आम्ही भाजीत टाकतो,” म्हणाली. आणि दोन पावलं मागं सरकून त्या भगव्याकडं बघायला लागली.

“पाहिल्यासारखा वाटते हा रंग,” ती म्हणाली. “पण काठ नाही, पदर नाही. नेसावं कोणी?”

आपल्या जुन्या जागेवर तक्क्याला टेकून बसलेल्या सासऱ्यांनी अडकित्त्यात सुपारी कचकन् कातरली. “कापड विचारलं,” ते म्हणाले.

आणि ती तरी बरी. तिनं भिंत पाहिली. बाकीचे काय करायचे? दारात चपला काढायचे, गादीवर येऊन भिंतीला पाठ लावून बसायचे, आणि म्हणायचे, “दाखवा.” चित्रं त्यांच्या डोक्यामागं. बर्डीच्या गिऱ्हाइकाला मान वळवायची सवयच नाही. तो बसतो, माल त्याच्या पुढ्यात येऊन पडतो. एका काकांनी तर तेल चोपडलेलं डोकं आमच्या सर्वांत मोठ्या चित्राला टेकवून झोप काढली. नवरा म्हणाला तो डाग चांगला आलाय, राहू दे.

त्या दिवशी जेवताना तो म्हणाला, “सोड. बसतो मी दुकानात.”

“तुम्ही बसाल हो,” मी म्हटलं. “आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडाल. ती पाठ मी जन्मभर पाहायची. मला नाही जमायचं.”

दुसऱ्या दिवशी सासरे यायच्या आधी मी दुकानात गेले. सगळी चित्रं खिळ्यांवरून उतरवली. चौकटी नव्हत्याच, नुसतं रंगवलेलं कापड. एकावर एक गठ्ठा रचला, पदर खोचला, आणि गादीवर गिऱ्हाइकांच्या समोर, विकणाऱ्याच्या जागेवर जाऊन बसले. आमच्या घराण्यात सुना दुकानाच्या गादीवर बसायच्या त्या दिवाळीला, गिऱ्हाईक म्हणून, आणि डोक्यावर पदर घेऊन.

सासरे आत आले. अडकित्ता खिशातच राहिला.

“सूनबाई, हे काय करून राहिली तू?”

“माल दाखवून राहिली, मामाजी.”

पहिलं गिऱ्हाईक म्हणून एक बाई येऊन बसली. मी चित्राची दोन टोकं धरली, हात डोक्यावर नेला आणि असा झटका दिला, की तो भगवा हवेत उघडला आणि तिच्या गुडघ्यांपुढं येऊन पसरला. मग त्यावर निळा. त्यावर काळा. “हे पाहा, हे पावसाच्या आधीचं. हे पावसानंतरचं. हे दुपारचं, जरा लांबून पाहा, डोळे दिपतात.” नवऱ्यानं कधी असलं काही सांगितलं नव्हतं. मी आपलं लावत गेले.

गल्ली भरली. रामदासपेठेतले एक डॉक्टर म्हणे पेशंटचं पोट उघडं टाकून आले. मी पाहिलं नाही, पण गर्दीत एकाच्या हातात रबरी मोजे होते खरे.

सगळे पाहायचे. मान डोलवायचे. आणि शेवटी एक जण तरी विचारायचाच.

“याच्यात जांभळा दाखवा.”

“झंपरापुरतं फाडून मिळते का?”

सासऱ्यांच्या सुपारीचा आवाज आला की तो माणूस बाद. पण मी दुसऱ्या दिवशी पुन्हा खोचायची पदर. घसा बसला, तर खाणाखुणांनी दाखवलं. खांदे दुखले, तर उभी राहून दाखवलं. नवरा मुकाट्यानं चित्रं परत घड्या न पाडता रचून द्यायचा.

महिन्याची शेवटची संध्याकाळ. सासरे कुलूप मांडीवर घेऊनच बसले होते. तेवढ्यात धोतर-टोपीतला एक माणूस आला, बसला. “दाखवा” म्हणाला नाही. मी दाखवायला लागले. एकेक चित्र तो वाकून पाहायचा आणि बोटानं खूण करायचा, पुढचं. सगळं संपलं. शेवटी तो सूर्य. त्याकडं त्यानं सर्वांत जास्त वेळ पाहिलं, मग उठला आणि चपला शोधायला लागला.

कापडाचं नाव नाही.

आता माझे सासरे. जन्मभर गादीवर बसलेला माणूस. गिऱ्हाईक काही न मागता उठलं, की त्यांना भर दिवाळीत उपवास घडल्यासारखं व्हायचं. त्यांनी दम धरला. ओठ दाबले. आणि चपलेत त्या माणसाचा अंगठा गेला, तसं त्यांच्याच तोंडून निघालं, “बसा ना गा पाटील. धोतरजोडी दाखवू? नव्या दुकानातून आणतो दोन मिनिटांत.”

“कापड नाही लागत मले,” तो म्हणाला. “बायको सांगे, बर्डीवर एका दुकानात आपल्या वावरावरची सांज ठेवली हाय, अन् बोटानं पुसली तरी जात नाही. म्हटलं पाहून यावं.”

“मग? आहे का तशी?” मी विचारलं.

“हाय. खालची माती अजून काळी पाहिजे.”

कोपऱ्यातून आवाज आला. मला वाटलं दुसरंच कोणी आत आलं. नवरा बोलत होता.

“किती काळी?”

ते दोघं पायरीवर बसले आणि काळ्यावर बोलत राहिले. त्याची गावाची बस गेली असावी. त्यानं काही चौकशी केली नाही.

सासऱ्यांनी सुपारी तशीच डबीत ठेवली. गादीची घडी घातली, दार ओढलं, कुलूप लावलं आणि दोनदा हिसडून पाहिलं. त्यांच्या पाठीकडं बघून मी गप्प राहणं शहाणपणाचं होतं, पण तो प्रांत माझा नाही.

“मामाजी, पैज तर तुम्ही हरले. आता उद्या नव्या दुकानात कोण बसणार?”

त्यांनी खिशातून नव्या दुकानाची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

“तू,” ते म्हणाले. “साडेनऊले ये, जेवून.”