एक हात दिसला

आमच्या ह्यांचा स्वभाव म्हणजे एकदा घट्ट केलेला स्क्रू पुन्हा पिळून बघायचा. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला तो शोभतो, नवऱ्याला नाही. बाहेर पडताना गॅसची कळ बघतील, दोन जिने उतरतील, परत वर येतील, परत कळ बघतील. "अहो, ती काय पळून जाणार आहे का?" मी विचारते. "बघायला काय जातंय?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. अकरा इमारतींच्या लिफ्ट त्यांच्याकडे आहेत आणि सत्तावीस वर्षांत कुणाचं साधं बोट चेंगरलेलं नाही, म्हणून मी गप्प बसते. फार वेळ नाही बसत, पण बसते.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, लहान. एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर हॉल आहे, शंभरेक प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि पुढे एका बाजूला बाप्तिस्म्याचा हौद. एरवी त्या हौदावर फळ्या टाकलेल्या असतात आणि आम्ही गाणारी माणसं त्यांवर उभी राहतो. मी तिथून एकवीस वर्षं गातेय. एक फळी कुरकुरते, ती नेमकी माझ्याच पायाखाली.

दाराशी आमच्या विश्वासाची सात कलमं फ्रेममध्ये लावलीत. झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन. शास्त्र हे देवाचं वचन. देव एकच, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. माणूस पापी आहे, स्वतःच्या जोरावर सुटू शकत नाही. प्रभू येशू आमच्या पापांसाठी क्रुसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेनं मिळतं, विश्वासानं मिळतं, चांगल्या कामांचा मोबदला म्हणून नाही. विश्वास ठेवल्यावर पाण्यात बुडून बाप्तिस्मा. आणि प्रभू परत येणार, न्याय होणार, जे त्याचे ते कायमचे त्याच्यापाशी राहणार. झाली सात.

पण आमच्यात आणखी एक गोष्ट चालते, ती फ्रेममध्ये नाही. तारीख. तुमचं तारण कधी झालं? कुठल्या दिवशी तुम्ही प्रभूला आपलं म्हटलंत? साक्ष द्यायला उभं राहिलं की आधी तारीख, मग बाकीचं. माझी नऊ ऑगस्ट, मंगळवार, दुपारी सव्वाचार. कांदा चिरत होते आणि एकदम सगळं लख्ख कळलं. लोक म्हणतात कांद्यामुळे रडलीस. म्हणोत बापडे. माझ्या बाबांची तारीख तर सगळ्या मंडळीला पाठ आहे. ते खुर्चीचा हात धरून उठतात आणि त्या दिवशी शर्ट कुठल्या रंगाचा होता इथपासून सुरुवात करतात. ह्यांची सोळा मार्च, तरुणांच्या शिबिरातली. मला बघायला आले तेव्हा बाबांनी ना नोकरी विचारली ना घर. एवढंच विचारलं, "तारीख?" हे म्हणाले, "सोळा मार्च." बाबा आत येऊन आईला म्हणाले, "पोरगा ठीक आहे." असं माझं लग्न जमलं.

दर रविवारी उपासनेच्या शेवटी आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, म्हणतात, "सगळ्यांनी डोळे मिटा. कुणी इकडेतिकडे बघू नका. आज ज्याला प्रभूला आपलं म्हणायचंय, त्यानं हात वर करावा." मग सगळं चिडीचूप. मग ते हळूच म्हणतात, "एक हात दिसला. प्रभूची स्तुती असो." कधी दोन असतात, कधी तीन, पण एक हमखास. मी फळीवर उभी राहून, डोळे गच्च मिटून त्या एका हातासाठी प्रार्थना करायची. कोण बिचारा इतकी वर्षं उंबऱ्यावर घुटमळतोय! कधीकधी वैताग यायचा आणि मी मनातल्या मनात म्हणायची, "अरे, ये ना एकदाचा आत."

तर झालं असं, की बाबांना एक्क्याऐंशी पूर्ण झाली आणि गुडघ्यांनी संप पुकारला. मंडळीचा कारभार बघणाऱ्या चार जाणत्यांमध्ये ते होते, ते म्हणाले, आता दुसरा माणूस नेमा. पाळकसाहेबांनी ह्यांचं नाव सुचवलं. मी इतकी फुगले की त्या दिवशी कुरकुरणारी फळीसुद्धा मला गोड वाटली.

आणि ह्यांनी जेवण टाकलं. म्हणजे ताटावर बसायचे, पण घास नुसता इकडून तिकडे. बनियन उलटा. गॅसची कळ पाच-पाचदा. बोलता बोलता मध्येच थांबायचे आणि भिंतीकडे बघत राहायचे. दोन आठवड्यांत पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. शेजारणीच्या दिराचं असंच सुरू झालं होतं आणि तो सहा महिन्यांत गेला. ओढत डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासलं, कार्डिओग्राम काढला. डॉक्टर म्हणाले, "सगळं छान आहे." मी म्हटलं, "छान आहे तर मग ह्यांना झालंय काय?" आता हिलाच तपासावं का, अशा नजरेनं डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले.

शुक्रवारी हे चष्मा घरी विसरले. चष्म्याशिवाय वायरींत हात घालतील या धास्तीनं मी तो घेऊन त्या नऊ मजली इमारतीवर गेले. गच्चीवरच्या लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत हे ग्रीसच्या डब्यावर बसले होते. मोटार बंद होती. मांडीवर मंडळीचा फॉर्म, जाणत्यांच्या नेमणुकीचा, बाबांनी स्वतः छापून घेतलेला. सात कलमं, प्रत्येकापुढे सही. साती सह्या झालेल्या. खाली एक रकाना, तारणाची तारीख. तो कोरा.

"सोळा मार्च लिहा की," मी म्हटलं. "विसरलात का?"

"ती खोटी आहे."

"काय खोटी?"

"तारीख. शिबिरात सगळे गोल बसलो होतो. एकेक जण आपल्याला काय झालं ते सांगत होता. माझ्या आधी अकरा जण झाले. सगळ्यांना काहीतरी झालं होतं. मला नुसती भूक लागली होती. माझी पाळी आली आणि तोंडातून निघून गेलं, आज. त्या दिवशी सोळा मार्च होती. मग सगळे मिठ्या मारायला लागले."

मी तिथल्या पायरीवर बसले. "मग खरी कुठली?"

"नाहीये. मी लहानपणापासून मानतोच आहे. पण ते मानणं धरलं गेलं की नाही, कुणाला माहीत? म्हणून दर रविवारी हात वर करतो. न जाणो, मागच्या वेळचा लागू पडला नसेल तर. बघायला काय जातंय?"

मला कळायला जरा वेळ लागला. "तो हात तुमचा आहे?"

"बहुतेक वेळा."

"अहो, मी एकवीस वर्षं त्या हातासाठी प्रार्थना करतेय!" मी अशी ओरडले की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. ज्या तारखेवर माझं लग्न झालं ती भुकेच्या पोटी निघालेली! आणि रागाच्या मागून भीती आली, अगदी थंडगार. सातवं कलम मी पोपटपंची म्हणून म्हणत नाही, मी ते मानते. एके दिवशी सगळ्यांना न्यायासाठी उभं राहायचंय. मी तिथं गेले आणि हे नसलेच तर? गॅसची कळ बघायला परत फिरणारा हा माणूस तिथं नसलाच तर मी काय करू? समजूत घालायला काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "लिफ्टचा दोर कधी बसवला ते विचारून का कुणी आत शिरतं? धरतोय ना, मग झालं!"

"दोराला पट्टी असते," हे म्हणाले. "तिच्यावर तारीख असते. मीच घालतो."

या माणसाशी बोलायची सोय नाही.

मग मी जे बोलले त्याची मला अजून लाज वाटते. म्हटलं, "सोळा मार्च लिहा आणि गप्प बसा. बाबांचं वय झालंय, त्यांना कशाला धक्का?" मी, फळीवर उभी राहून देवाची गाणी गाणारी बाई, नवऱ्याला देवाच्या घरात खोटं लिहायला सांगत होते. ह्यांनी फॉर्मची घडी करून खिशात घातली. म्हणाले, "बघू."

शनिवारभर मी तीनदा विचारलं, लिहिलंत का? तिन्ही वेळा "बघू". रविवारी सकाळी गॅसची कळ मीच दोनदा बघितली.

बाबा पुढच्या रांगेत, हातात ह्यांचा फॉर्म. जुन्या जाणत्यानं नव्याला सगळ्यांसमोर विचारायचं, ही आमची रीत. हे समोर उभे राहिले, इस्त्रीचा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. बाबा एकेक कलम वाचत होते आणि विचारत होते, "मानता?" हे म्हणत होते, "मानतो." पाचव्या कलमाला हे थांबले. कृपेनं, विश्वासानं. माझ्या पायाखालची फळी कुरकुरली. "मानतो," हे म्हणाले. सातही झाली.

बाबांनी चष्मा वर सारला. "तारीख कोरी राहिलीये, जावईबापू. मीच लिहितो. सोळा मार्च ना?"

"नाही, बाबा. ती मी बनवलेली होती. माझ्याकडे तारीख नाही."

मला वाटलं, हौदावरची फळी निघावी आणि मी सरळ आत जावं. बाबांचा चेहरा पांढरा पडला होता. "मग इतकी वर्षं इथं कुणाच्या भरवशावर बसलास?"

ह्यांना असं कुणी कोपऱ्यात घेतलं की हे चिडतात. इमारतीच्या सेक्रेटरीशी बोलतात तसे खेकसले, "त्याच्याच की! दुसरं आहे कोण मला?"

आणि बोलून गेल्यावर स्वतःच दचकले. आपण हे मोठ्यानं म्हटलं असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

पाळकसाहेब उठले. "डोळे मिटा म्हणून तुम्हाला सांगतो, मला थोडेच मिटता येतात," ते म्हणाले. "ह्यांचा हात मी इतकी वर्षं बघतोय. कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी बघणार नाही असा शब्द दिला होता. बघूनच नाव सुचवलं. ज्यांची संमती असेल त्यांनी हात वर करा. आणि या वेळी डोळे उघडे ठेवा."

हात वर झाले. खूप झाले. मी मोजायच्या भानगडीत पडले नाही, मी एकच हात शोधत होते आणि तो वर नव्हता. बाबांनी पेनाला टोपण लावलं, फॉर्म खिशात घातला आणि आमच्याशी एक शब्द न बोलता घरी गेले.

चार दिवस फोन नाही. मी केला तर "ठीक आहे" आणि ठेवला. पाचव्या दिवशी डबा घेऊन गेले. खिडकीपाशी बसले होते, फॉर्म पुढ्यात. डब्याकडे बघितलंही नाही.

"पाचवं कलम वाच," म्हणाले.

मी वाचलं.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"यात तारीख कुठं आहे?"

"नाहीये, बाबा. सातांत कशातच नाहीये."

"तो रकाना मी घातला होता. फॉर्म छापताना. म्हटलं, नीटनेटकं दिसेल." बराच वेळ त्यांनी त्या कोऱ्या रकान्यावर अंगठा फिरवला. मला वाटलं, ह्यांच्याबद्दल काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "त्या दिवशीचा माझा शर्ट. मी निळा सांगतो. निळा होता की नाही, मला खरंच आठवत नाही."

"शर्टाचं काय एवढं, बाबा," मी म्हटलं आणि डबा उघडून पुढे केला. दोन घास खाल्ले त्यांनी.

रविवारी आम्ही गेलो. उपासना झाली, शेवटचं गाणं झालं. पाळकसाहेब म्हणाले, "सगळ्यांनी डोळे मिटा. कुणी इकडेतिकडे बघू नका." मी मिटले. पण मनात आलं, आज हे काय करतायत? आयुष्यात पहिल्यांदा मी फळीवर उभी राहून एक डोळा उघडला.

ह्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. बोटं वळवळत होती, पण हात मांडीवरच होते.

पहिल्या रांगेत बाबांनी खुर्चीचा हात सोडला होता. त्यांचा उजवा हात वर होता. खाली येत होता, ते तो परत वर नेत होते.

"एक हात दिसला," पाळकसाहेब म्हणाले.

मी डोळा गच्च मिटून घेतला. त्या एका हातासाठी माझी प्रार्थना इतक्या वर्षांची ठरलेली होती, ये ना एकदाचा आत. त्या दिवशी ती माझ्याच्यानं म्हणवली नाही.