एकदाच वाजणारी टेप आणि बंगळूरचे तीन दिवस

बंगळूरला जायचं मी ठरवलं नव्हतं. मला पाठवलं गेलं. पुण्यात टेपची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात मी काम करते. मंगळवारी बंगळूरहून फोन आला. दक्षिण आफ्रिकेची एक गायिका, थांडेका, शहरात कार्यक्रमाला येणार होती. वीसेक वर्षांपूर्वी देशाबाहेर पळून राहावं लागत होतं तेव्हा तिने बंगळूरच्या कामगारांसमोर गाणी म्हटली होती. त्या गाण्यांची स्पूल टेप एका मराठी कुटुंबाकडे होती, पण यंत्र बंद होतं आणि टेप घराबाहेर द्यायला ते तयार नव्हते. रविवारी संध्याकाळी ती परत जाणार, त्याआधी तिला टेपची प्रत हवी होती.

"तू जा," मालक म्हणाले. "बंगळूरला हवा छान असते."

एवढंच कारण.

दुपारी पुण्याला गाडीत बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळूर येतं. तुम्ही जाणार असाल तर वरचा बर्थ घ्या. मी खालचा घेतला आणि सोलापूरपर्यंत चौघांच्या पत्त्यांच्या डावाचं टेबल झाले. डब्यातली पुरी-भाजी थंड असते. वाडी स्टेशनला इडली घ्या, ती गरम मिळते.

टेप होती पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत. स्टेशनवरून तिथे जायला रिक्षावाल्याने मीटरच्या दीडपट मागितले. मी कारण विचारलं. "पीण्या लांब, मॅडम." लांब असेल तर मीटर जास्त पडेलच, असं मी त्याला समजावून सांगितलं. त्याने ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा दीडपटच मागितले. दिले.

पीण्या म्हणजे शेडला लागून शेड. सगळीकडे लेथ, पत्रा, कूलंटच्या तेलाचा वास. टेप ज्यांच्याकडे होती त्या रामोजीअण्णांची शेडही त्यातलीच, मागच्या बाजूला घर. सत्तरीचे गृहस्थ, हात अजून कामगाराचे. त्यांच्या घराण्याला बंगळुरात इतक्या पिढ्या झाल्यात की त्यांच्या मराठीत अर्धी कानडी मुरली आहे. त्यांची बायको शांताक्का दारातच उभी होती.

"तिंडी झाली का गं?"

"आधी यंत्र बघते."

"यंत्र कुठं पळून जातंय? स्वल्प खा, मग बघ."

तिंडी म्हणजे नाश्ता, आणि स्वल्प म्हणजे तीन डोसे. यंत्र बघायला मिळेपर्यंत साडेदहा वाजले.

यंत्राचं काम सोपं होतं. पट्टा तुटला होता आणि रबरी रूळ कडक झाला होता. दोन्ही मी सोबत आणले होते, एका तासात बसवले. मग मी स्पूल मागितलं. अण्णांनी ते देवघरातून, रेशमी कापडात गुंडाळलेलं, दोन्ही हातांवर धरून आणलं. मी कापड उघडलं.

स्पूल लाल होतं.

प्लॅस्टिकच्या चकतीला तीन खिडक्या असतात, त्यांतून टेपचे वेढे दिसतात. त्या तिन्ही खिडक्यांत ओल्या हळदकुंकवाचे थर वाळून बसले होते. मधल्या भोकाभोवती तर बोटाने दाबून लावलेलं होतं.

"हे काय आहे?"

"पूजा," अण्णा म्हणाले. "दर आयुधपूजेला. लेथला पूजा, ड्रिलला पूजा. आणि ह्यात तर थांडेका अक्कांचा आवाज हाय. त्याला नको?"

"टेपला पूजा करत नाहीत."

"तुमच्याकडं खंडेनवमीला यंत्रं पुजत न्हाईत?"

पुजतात. आमच्या दुकानात मीच हार घालते. पण टेपवर ओलं कुंकू घालत नाहीत, हे वेगळं सांगावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

टेपची सुरुवात बाहेरच्या वेढ्यांत असते आणि शेवट आत, मधल्या भोकाजवळ. म्हणजे सगळ्यात जास्त नुकसान शेवटच्या गाण्याचं. मी विचारलं, शेवटी काय आहे?

अण्णा खुर्चीत बसले. "अक्कांची धाकटी बहीण."

मग जेवताना त्यांनी सगळं सांगितलं. थांडेका धोबीकाम करणाऱ्या बाईची मुलगी, जोहान्सबर्गजवळच्या वस्तीतली. मोर्चात गायची, अंत्ययात्रेत गायची. पोलीस मागे लागले तेव्हा दोघी बहिणी दुधाच्या लॉरीत कॅनच्या मागे लपून सीमेपार गेल्या. मग टांझानियात, निर्वासित मुलांच्या शाळेत, सकाळी शिवणकाम आणि दुपारी गाणं शिकवायचं. पुस्तकांसाठी पैसे जमवायला देशोदेशी गात फिरायच्या. बंगळूरला कामगार संघटनेने बोलावलं, तेव्हा शहरातला कार्यक्रम झाल्यावर दोघी ह्या शेडमध्ये आल्या. लेथ बंद करून दोनशे माणसं जमिनीवर बसली. शेवटचं गाणं धाकट्या लिंडीने एकटीने म्हटलं. दोन वर्षांनी ती टांझानियात निर्वासितांच्या छावणीत मलेरियाने गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही.

"आम्ही चांगलंच करत होतो की," शांताक्का म्हणाली. तिने पानात आणखी भात वाढला.

टेप साफ करायला बारीक मलमल हवी होती. त्यासाठी चिकपेटचा कापडबाजार. तुम्ही गेलात तर रिक्षा बाहेरच सोडा, आत रिक्षा चालत नाही, फक्त वाजते. पहिल्या दुकानदाराला मी दोन मीटर मागितलं. तो म्हणाला, पूर्ण तागा घ्या. दुसराही तेच. तिसऱ्याने विचारलं, "बाळासाठी लंगोट शिवायचे?" मी हो म्हणाले. त्याने दोन मीटर फाडून दिलं, वर आशीर्वाद दिला. ह्यात माझी पूर्ण दुपार गेली.

टेप बाराशे फूट. कोरडा ब्रश, मग किंचित ओली मलमल, मग सुकी. मिनिटाला दोन फूट, म्हणजे दहा तास. दोन तास शुक्रवारी संध्याकाळी आणि आठ शनिवारी, हाताने स्पूल फिरवत. शनिवारी संध्याकाळी थांडेकाचा कार्यक्रम होता. अख्खी पीण्या बस करून गेली. ज्या बाईसाठी मी साडेआठशे किलोमीटर आले होते, तिचं शहरातलं एकमेव गाणं चालू असताना मी कुंकू पुसत होते.

शेवटचे दीडशे फूट सोडवताना कळलं की कडेचा चुंबकी थर सुटतोय. म्हणजे टेप एकदा वाजेल, आणि वाजताना यंत्राच्या हेडवर घासून तो थर पडून जाईल. प्रत घ्यायची संधी एकच. मी अण्णांना सांगितलं. त्यांनी आधी यंत्राला हात जोडले आणि मग मला. मी त्यांना बसायला सांगितलं.

रविवारी आणखी एक भानगड. पीण्यात एक ते दोन वीज जाते. अण्णा म्हणाले, जनरेटर हाय की. जनरेटरवर मोटरचा वेग डुलतो, त्याबरोबर सूरही डुलला असता. म्हणून सव्वादोनची वेळ ठरवली. बत्तीस मिनिटांची टेप, साडेतीनला तिला विमानतळाकडे निघायचं. सव्वाबाराला सगळं जोडून तयार ठेवलं आणि सगळ्यांना बजावलं: कुणी बोलायचं नाही, कुणी कशाला हात लावायचा नाही.

थांडेका दोनला आली. साठीची, जाड भिंगाचा चष्मा, हातात प्लॅस्टिकची पिशवी. शांताक्काने तिला बघितलं आणि तिच्या गळ्यात पडून रडू लागली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

"अक्का, तुम्ही बारीक झालात," शांताक्का म्हणाली.

अण्णांनी मोडक्या इंग्रजीत ते सांगितलं. थांडेका हसली. "तिलाही चष्मा लागलाय, असं सांगा."

सव्वादोनला मी यंत्र सुरू केलं. पहिली गाणी स्वच्छ आली. खोलीत लहान स्पीकर लावला होता, पण प्रत ह्या यंत्रातून कॅसेट रेकॉर्डरमध्ये, तारेने जात होती. माझं लक्ष आवाजाची पातळी दाखवणाऱ्या सुईवर होतं. सव्विसाव्या मिनिटाला टाळ्या, खोकला, आणि मग एक पातळ, उंच आवाज.

थांडेकाने तोंडावर हात ठेवला. मग हात काढून इंग्रजीत पुटपुटली, "बघा, पुन्हा वरच्या सुरात सुरू केलं. किती वेळा सांगितलं होतं." आणि ती खालच्या सुरात हळूच साथ करू लागली. दोन बहिणींचा आवाज त्या शेडमध्ये एकत्र येत होता. अण्णा मान खाली घालून बसले होते.

सुई थरथरली. हेडवर लाल पूड साचत होती. आणि मी न वळता, वैतागून, बोट ओठांवर ठेवलं.

ती गप्प झाली. तत्क्षणी. एवढी मोठी बाई, शब्द अर्धा सोडून.

अकरा सेकंद आवाज पूर्ण गेला, मग परत आला, शेवटपर्यंत राहिला. गाणं मिळालं.

निघण्यापूर्वी शांताक्काने सगळ्यांना उप्पिट्टू, म्हणजे उपमा, दिला. खाता खाता मी विचारलं, मघाशी इतक्या लगेच कशा थांबलात? काहीतरी बोलायचं म्हणून.

"सवय," थांडेका म्हणाली. देश सोडण्याआधी पाच वर्षं तिच्यावर सरकारी हुकूम होता: एका वेळी एकाच माणसाबरोबर बसायचं, गायचं नाही. दोघी बहिणी एका घरात, पण तिसरं कुणी आलं की एकीने उठून मागच्या दारी जायचं. भिंतीपलीकडे पोलीस असे. लिंडी आत गायची, हिने बाहेर पायरीवर बसून साथ द्यायची, पण ओठ मिटून. पावलं जवळ वाजली की लिंडी खिडकीतून ओठांवर बोट ठेवायची. "बोट दिसलं की मी थांबते. अजूनही." ती हसली आणि उप्पिट्टू आणखी मागून घेतला.

कॅसेट तिने पिशवीत नाही, ब्लाउजमध्ये ठेवली. माझा हात धरून म्हणाली, "मुली, तू फार काळजीने काम केलंस." मी थँक्यू म्हणाले.

परतीच्या गाडीत वरचा बर्थ मिळाला. झोप लागली नाही.

पुण्यात मालकांनी विचारलं, काम कसं झालं? मी सांगितलं, अकरा सेकंद सोडून चांगलं. ते खूश झाले. बंगळूरची हवा कशी होती हेही विचारलं. छान होती.

तुम्ही गेलात तर फेब्रुवारीत जा, स्वेटर नको, पीण्यात डोसे बाहेर खाऊ नका, कुणाच्या तरी घरी खा. एवढं सांगण्यासारखं आहे. बाकी एक गोष्ट मी तिला सांगितली नाही, ती इथे लिहिते. प्रत तारेने होत होती. खोलीतलं काहीच तिच्यात जाणार नव्हतं. ती मोठ्याने गायली असती, अण्णा गायले असते, बाहेर लेथ चालू असते तरी फरक पडला नसता. हे मला सव्वाबाराला, सगळ्यांना गप्प राहायला बजावताना माहीत होतं. सव्विसाव्या मिनिटालाही माहीत होतं.