डावा पाय

परुळेकर डॉक्टरांना स्वस्थ बसणं माहीत नाही. सत्तावीस वर्षं मी हे बघतेय. लालबागला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर त्यांचा दवाखाना, दाराशी माझी खुर्ची आणि माझ्या हातात नंबरांचे बिल्ले. पेशंट बोलत असतो तोवर डॉक्टरांच्या पेनाची टिकटिक चालू असते. दोन मिनिटांत औषध लिहून होतं, तिसऱ्या मिनिटाला मी पुढचा नंबर पुकारते. कुणी दारात घुटमळलं, अजून एक विचारायचं होतं म्हणालं, की मी म्हणते, "बाहेर नंबर आहेत." सुभद्राबाईच्या जिभेला हाड नाही, असं चाळीत बोलतात. बोलू देत. माझ्यामुळेच दवाखाना वेळेवर बंद होतो.

शेजारच्या केमिस्टकडे आमच्याच चाळीतली आकांक्षा काम करते. वय तेवीस. औषधांची पिशवी घेऊन दिवसातून चारदा तरी येते, डाव्या बाजूला कलत कलत. पोटुशी असताना तिच्या आईनं ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून पोरगी अशी झाली, हे चाळीत सगळ्यांना ठाऊक. तिची आजी अजून सुनेला त्यावरून घालूनपाडून बोलते. आम्हाला त्या चालण्याची इतकी सवय झाली होती की ते दिसेनासंच झालं होतं.

डॉक्टरांना परवाना टिकवायचा तर दर पाच वर्षांत व्याख्यानांना बसून ठरावीक गुण मिळवावे लागतात. परुळेकरांचे काही कमी पडत होते आणि मुदत महिनाअखेरची. म्हणून एका रविवारी दादरच्या एका हॉलमध्ये लहान मुलांच्या हाडांच्या उपचारांवर दिवसभराचा कार्यक्रम होता, तो त्यांनी पकडला. विषयाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. सकाळी आत जाताना आणि संध्याकाळी पाचला निघताना मोबाइलवर हजेरी स्कॅन करायची होती. ते त्यांना जन्मात जमणार नव्हतं, म्हणून मला बरोबर नेलं.

दुपारच्या जेवणानंतर अनुजा नावाच्या हाडांच्या डॉक्टरीणबाई बोलायला उभ्या राहिल्या. त्यांनी टेबलावर एक कापडी बाहुली ठेवली आणि आपल्याकडे बाळाला बांधतात तशी कापडात घट्ट गुंडाळली. पाय सरळ, टाचेला टाच.

"काही बाळांचा खुब्याचा सांधा जन्मतःच सैल असतो," त्या म्हणाल्या. "मुलींमध्ये जास्त. पाय असे आवळून बांधले की सांधा खोबणीतून आणखी सरकतो. बाळाला दुखत नाही, ते रडत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. लंगोट बदलताना एक मांडी कमी उघडते, एवढीच खूण."

सोनोग्राफीत हे आता जन्मानंतर सहाव्या आठवड्यालाच दिसतं, असं त्यांनी सांगितलं. मऊ पट्टे लावून बाळाचे पाय बेडकासारखे फाकवून ठेवले, की बहुतेकींचा सांधा काही आठवड्यांत जागेवर बसतो.

माझ्या शेजारची टिकटिक थांबली. डॉक्टर उभे राहिले. ज्या माणसानं आजवर एकाही व्याख्यानात तोंड उघडलं नव्हतं, त्यानं विचारलं, "साडेचार महिन्यांचं बाळ असेल तर?"

"आज आणलंत तर पट्ट्यांवर भागेल. सहा महिने उलटले की बहुधा भूल देऊन प्लास्टर. चालायला लागल्यावर ऑपरेशन."

ते खाली बसले आणि माझ्याकडे वळले. "सुभद्राबाई, ती नूपुर डोस द्यायला बाळाला घेऊन आली होती. जाताना दारात काय म्हणत होती?"

मला सगळं आठवत होतं. 'डॉक्टर, हिचा एक पाय जरा...' एवढं ती म्हणाली होती. यांनी मान वर न करता 'काही नाही, होतं असं' म्हटलं होतं. ती पुढे बोलणार तेवढ्यात मी म्हटलं होतं, बाहेर नंबर आहेत.

"पायाचं काहीतरी म्हणत होती," मी म्हटलं.

नूपुर पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. माझ्या मोबाइलमध्ये तिच्या नवऱ्याचा नंबर होता, पत्ता कुडाळचा. मी तीनदा फोन लावला, लागेना. माहेर लालबागलाच, पण कुठल्या चाळीत ते विचारायला आम्हाला कधी सवड झाली नव्हती. आता ते सांगू शकेल असं एकच माणूस होतं, ते म्हणजे आनंदीबाई. चाळीस वर्षं ती घरोघरी बाळांना तेल लावून न्हाऊ घालते. तिचं आणि माझं विळ्या-भोपळ्याचं सख्य. दवाखान्यात आली की बाकावरच्या बायकांना स्वतःचे उपचार सांगत बसते, म्हणून मी तिला दोनदा बाहेर काढलं होतं.

डॉक्टर उठलेच. मी म्हटलं, "सर, पाचचं स्कॅन चुकलं तर गुण जातील."

"जाऊ देत," ते म्हणाले आणि टॅक्सीला हात केला.

टॅक्सीत ते दर सिग्नलला दाराच्या कडीवर हात ठेवत होते. मला वाटलं, उतरून पळत सुटतात की काय.

आनंदीबाई जेवायला बसली होती. डॉक्टरांना दारात बघून ताटावरून उठली. डॉक्टरांनी नूपुरचं नाव घेतलं मात्र.

"तिच्या चेडवाचो डावो पाय उघडत नाय," ती म्हणाली. "दोन महिने झाले. न्हाणवताना माका समजता. मीच तिका म्हटलंय, डाक्टराक दाखव. ती तुमच्याकडे इली, परत जावन माका म्हणाली, डाक्टर म्हणतत काय नाय."

डॉक्टरांनी मान खाली घातली. "आनंदीबाई, मला तिचं घर दाखवा."

"बेगीन चला. ती आज सासराक जातली. चारची गाडी आसा."

तीन वाजले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत दाराशी बॅगा भरून ठेवलेल्या. बाळ जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं, जागं होतं. डॉक्टरांनी हात धुतले, तळवे चोळून गरम केले, कापड सोडलं आणि दोन्ही गुडघे दुमडून मांड्या हळूच बाजूला केल्या. उजवी गादीला टेकली. डावी अर्ध्यावर अडली. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. बाळ मूठ चोखत त्यांच्याकडे बघत होतं.

"नूपुर, तू मला सांगत होतीस, मी ऐकलं नाही," ते म्हणाले. "चूक माझी आहे. आज गाडीत बसू नकोस. तपासणी आणि उपचार इथेच लगेच सुरू करू."

"आणि तुला दारातून मी घालवलं," मी म्हटलं. तिनं बाळाला उचलून छातीशी धरलं. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आनंदीबाई कापडाचा तुकडा हातात धरून उभी होती. "चाळीस वर्सां मी पोरां अशीच बांधतंय," ती म्हणाली. "मग ह्या माझ्यामुळे?"

"बांधल्यामुळेच होतं असं नाही. पण यापुढे पाय मोकळे ठेवा. आणि हे ओळखायचं काम माझं होतं, तुमचं नव्हे."

तिनं कापडाची घडी घातली. मग हळूच म्हणाली, "आकांक्षाक पण मीच न्हाणवलंय. तिचो पण डावोच."



सोमवारी सोनोग्राफी झाली, मंगळवारी अनुजाबाईंनी पट्टे लावले. नूपुर माहेरीच राहिली. डॉक्टरांचे गुण गेले ते गेलेच, त्याची धावपळ अजून चालू आहे. पण मला काळजी वाटत होती ती दुसऱ्याच गोष्टीची. आकांक्षा पिशवी घेऊन आली की डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठायचे आणि पुन्हा बसायचे. असं सहा आठवडे चाललं.

मग नूपुरचा फोन आला, सांधा जागेवर बसतोय म्हणून. त्याच संध्याकाळी आकांक्षा आली. दवाखाना गच्च भरलेला होता. डॉक्टर म्हणाले, "बस जरा."

त्यांनी तिला सगळं सांगितलं. "एक्स-रे काढू, मग नक्की कळेल. पण तू पाच महिन्यांची असताना तुझ्या आईनं मला हेच विचारलं होतं. मी म्हटलं होतं, चालायला लागली की होईल सरळ."

आकांक्षा बराच वेळ पिशवीची गाठ सोडत-बांधत बसली. "म्हणजे ग्रहणाचा काही संबंध नाही?"

"काही नाही."

"मग हे माझ्या आजीसमोर बोला. आईनं तेवीस वर्षं ऐकून घेतलंय. आत्ता चला."

बाहेर अकरा नंबर होते. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी दार उघडलं आणि बाहेरच्यांना सांगितलं, "डॉक्टर वर जाऊन येतायत. बसा सगळे."

ते दोघं जिना चढू लागले, तिच्या चालीनं. तेव्हा तिच्या आईला दारातून कुणी घालवलं होतं, मला आठवत नाही. पण तेव्हाही दाराशी मीच बसत होते. मी बिल्ले खुर्चीवर ठेवले आणि त्यांच्या मागून निघाले.