गणराजची बाजू

निघोज्याच्या मैदानावर फुटबॉल चालतो तो गुरुवारी. भोसरीच्या वर्कशॉपना सुट्टी गुरुवारची, त्यामुळं या पट्ट्यातल्या कामगारांची लीगही गुरुवारचीच. आणि ही लीग गेली कैक वर्षं एकच संघ जिंकत आलाय, 'निघोजे एकता'. कप्तान रहिमान मुलाणी. चाळिशी गाठलेला, पोट किंचित सुटलेला, हायवेला लागून टू-व्हीलरचं गॅरेज असलेला माणूस. मैदानाच्या मधोमध उभा राहायचा, फार पळायचा नाही. चेंडूच त्याच्याकडं यायचा.

त्या गुरुवारीही एकता जिंकली. टपरीवर चहा आला आणि नेहमीचा वाद पेटला. पेटवला अर्थातच अरबाजनं. अरबाज गोलकीपर. पोटासाठी वेल्डिंग करायचा आणि उरलेल्या वेळात मोबाईलवर परदेशी फुटबॉल बघायचा.

"सेल्टिक आणि रेंजर्स," तो दोन बोटं नाचवत म्हणाला. "ग्लासगोच्या दोन टीम. जवळजवळ चाळीस वर्षं स्कॉटलंडची लीग आलटूनपालटून याच दोघी घेतात. तिसऱ्याला वासपण नाही. माझं म्हणणं, यांना उचला आणि इंग्लंडच्या लीगमधे टाका. फाडून ठेवतील."

"कायला फाडतेत?" नवनाथ म्हणाला. हा बीडकडचा, कंपनीत पेंट शॉपला. डाव्या पायाचा खेळाडू, पण संघात आल्यापासून बाकावरच. "वासरात लंगडी गाय शहाणी. कळपातच मोठी ती."

"अबे, मोठमोठ्या टीमना हरवलंय त्यांनी! घरच्या मैदानावर साठ हजार लोक बोंबलतात, समोरच्याचे पाय लटपटतात."

"एका रात्रीचं सोडा हो. सणाला सासरी गेलं की जावयाचे लाडच असतेत. घरजावई होऊन रोज तिथं ऱ्हावं, मग कळतं."

सगळे हसले. अरबाजही हसला. आणि हसता हसता एकदम गप्प झाला, कारण या वादात पुढचं वाक्य ठरलेलं होतं आणि ते म्हणणारा माणूस नव्हता. गणराज म्हणायचा, "स्कॉटलंडचं मरू द्या रे. आपण कोण, ते सांगा. शहाणी गाय का लंगडी? पुण्याच्या लीगमधे आपण टिकू का?"

रहिमाननं चहा तसाच ठेवला आणि उठला.

गणराज आणि तो एका गल्लीतले. गणराजच्या आईनं, दुर्गाबाईनं, दोघांना एका ताटात भाकरी चुरून वाढलेली. गणराज डावीकडून पळायचा. असा पळायचा की रहिमाननं मान वळवून बघायची गरजच नसे. डावीकडून हाक यायची, "रहिम्या, सोड!" आणि रहिमान चेंडू सोडायचा. गेल्या वर्षी सकाळी शिफ्ट सुटून येताना गणराजच्या मोटरसायकलला ट्रेलरनं उडवलं. ती गाडी लोकांनी रहिमानच्या गॅरेजला आणली. त्यानं तिच्याकडं पाठ फिरवली आणि म्हणाला, "दुसरीकडं न्या."

दहावा झाल्यावर पहिला गुरुवार आला. जर्सी वाटताना गणराजची जर्सी हातात आली आणि रहिमानला ती कुणाला देता येईना. नवनाथनं हात पुढं केला होता. रहिमान म्हणाला, "आजचा दिवस राहू दे." दहाच जण उतरले. डावी बाजू मोकळी. तरी जिंकले. पुढच्या गुरुवारी म्हणाला, "जिंकतोय तर कशाला बदल?" असं करत करत वर्ष गेलं. आता कुणी विचारतही नसे. एकता दहा जणांत खेळते आणि अकरावा गणराज, हे पट्ट्यातल्या पोरासोरांनाही माहीत झालं.

दुर्गाबाई दर गुरुवारी यायची. डाव्या बाजूच्या रेषेला लागून पोतं अंथरून बसायची. हाफ टाइमला बाजू बदलली की पोतं उचलून पलीकडं जायची. फुटबॉलमधलं तिला काही कळत नसे. पण सामन्यात दोन-चारदा तरी व्हायचंच: रहिमानकडं चेंडू यायचा, डावीकडून हाक ऐकू यायची, "रहिम्या, सोड!" आणि त्याचा पाय आपोआप फिरायचा. चेंडू मोकळ्या मैदानातून घरंगळत रेषेबाहेर दुर्गाबाईच्या पायाशी. ती तो पदरानं पुसायची आणि दोन्ही हातांनी परत टाकायची. हाकेबद्दल रहिमान कुणाशी बोलला नव्हता. फक्त एकदा तिच्याशी बोलला होता.

"मावशी, अजून हाका मारतो तो."

"काय म्हंतो?"

"सोड म्हणतो. आणि कधी कधी... टिकू का म्हणतो."

म्हातारीनं मान डोलावली आणि पोतं झटकलं होतं.

आणि मग खरंच फोन आला. पुण्याच्या लीगमधला एक संघ फुटला होता, जागा रिकामी होती. "रविवारी एक मॅच खेळून दाखवा," तिथले सेक्रेटरी म्हणाले. "आमच्या मधल्या फळीतली टीम देतो समोर. लाज राखलीत तर घेऊ. पण आमच्या मॅचेस रविवारी असतात बरं का."

रविवार म्हणजे सगळ्यांचा खाडा. तरी अकरा जणांनी सुपरवायझरच्या हातापाया पडून सुट्ट्या काढल्या. टेम्पो ठरला. निघायच्या वेळी दुर्गाबाई पोतं काखेत मारून टेम्पोपाशी हजर.

"मावशी, लांब आहे. खडकीला."

"माझं पोरगं जातंय ना? मंग मी बी येनार."

अरबाजनं हात देऊन तिला वर घेतलं. रहिमाननं दहा नावं सांगितली. नवनाथनं बुटांच्या नाड्या बांधल्या होत्या, त्या गुमान सोडल्या.

खडकीचं मैदान हिरवंगार. समोरची पोरं उंच, बारीक, शिट्टी व्हायच्या आधीच घामेजलेली. दुर्गाबाईनं डावीकडची रेषा शोधून पोतं अंथरलं. शिट्टी झाली आणि त्यांचा एक सडपातळ पोरगा सरळ त्या मोकळ्या बाजूनं पळत सुटला.

रहिमान जागच्या जागी गोठला. वर्षभरात त्या पट्ट्यावर कुणी पाऊल टाकलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. त्याच्या तोंडून शब्द निघाला तो असा, "ए! तिकडनं नको!"

पोरगं थांबलं कशाला? गोल झाला.

पुन्हा तिकडूनच आले. पुन्हा गोल. रहिमानच्या डोक्यात संतापाचा भडका उडाला, जणू कुणी चपला घालून कबरीवरनं चाललं होतं. त्याच्याकडं चेंडू आला, डावीकडून हाक आली, पाय फिरला. चेंडू दुर्गाबाईकडं. तो घ्यायला तो सडपातळ पोरगा धावत आला आणि धापा टाकत हसून म्हणाला,

"काकू, या साइडला तुमचं कुणी खेळत नाही का?"

"खेळतोय की," दुर्गाबाई म्हणाली. "दिसत न्हाई व्हय तुला?"

पोरगं मोकळ्या गवताकडं बघत राहिलं. मग चेंडू घेऊन जरा घाईनंच निघून गेलं.

हाफ टाइमला तीन गोल अंगावर. सगळे खाली बसलेले, कुणी कुणाकडं बघत नव्हतं. रहिमान म्हणाला, "गुरुवारी दहा जणांत जिंकतो आपण. आज काय झालंय तुम्हाला?"

"भाई," अरबाज म्हणाला. "बोलू का? राग नको मानू."

"बोल."

"गुरुवारी त्या बाजूनं कुणी येतच नाही. मी गोलमधे उभा असतो, मला सगळं दिसतं. भोसरीवाले, चाकणवाले, सगळे तिथं आले की बॉल दुसरीकडं वळवतात. गेलेल्या माणसाच्या अंगावरनं कोण जाणार? वर आई बसलेली. ते गणराजला मानतात, भाई. म्हणून आपण जिंकतो. इथं त्याला कोण ओळखतं?"

म्हणजे वर्षभराचे सगळे विजय... रहिमान उठला. बाजू बदलणार म्हणून दुर्गाबाई पोतं घेऊन पलीकडच्या रेषेला गेली होती; तिच्यापाशी जाऊन तो उकिडवा बसला.

"मावशी, नवनाथला उतरवू का तिथं?"

"मला काय इचारतोस? ज्याची जागा त्याला इचार."

"तोच तर विचारतोय मला, वर्षभर. टिकू का म्हणून."

"मंग? टिकताय का?"

"नाही."

"मंग काय सांगनार हाईस त्याला?"

रहिमान गवताची काडी मोडत राहिला. "असं खेळून काहीच सांगता येणार नाही, मावशी. दहा जणांत हरलो, तर ते हरणंसुद्धा खरं नाही."

दुर्गाबाईनं पोतं गोळा केलं, काखेत मारलं आणि मैदानाला वळसा घालून पार पलीकडं, उजव्या बाजूला जाऊन बसली. मैदानाकडं पाठ करून.

रहिमाननं पिशवीतून गणराजची जर्सी काढून नवनाथकडं फेकली. नवनाथनं ती झेलली, पण घालेना.

"भाऊ, खरंच घालू?"

"घाल लवकर. शिट्टी झाली."

चेंडू रहिमानकडं आला. "रहिम्या, सोड!" त्यानं सोडला. नवनाथच्या पुढं तीन हात, जिथं गणराज पोचला असता, तिथनं चेंडू रेषेबाहेर. आता तिथं उचलायला कुणी नव्हतं. तो घरंगळत पार कुंपणाला लागला.

"कुठं द्यायलाव भाऊ? मी इथं हाय ना!"

दुसऱ्यांदा तसंच. नवनाथ आता ओरडलाच, "माझ्याकडं बघा की एकदा! बघा तरी!"

तिसऱ्यांदा चेंडू आला, हाक आली, आणि रहिमाननं वर्षात पहिल्यांदा मान वळवून डावीकडं बघितलं. तिथं नवनाथ होता. घामानं निथळणारा, हात वर केलेला, जर्सी खांद्यांत ढिली होत असलेला नवनाथ. रहिमाननं त्याच्या पायात चेंडू दिला. नवनाथ पळाला. गणराजसारखा नाही, जरा वाकून, कोपर बाहेर काढून. त्यानं आत टाकलेला चेंडू कुणाच्या तरी गुडघ्याला लागून गोलमधे गेला.

त्यानंतर त्यांनी आणखी एक खाल्ला. हरले. पण दुसऱ्या अर्ध्यात तरी एकास एक अशी बरोबरी झाली होती. सेक्रेटरी येऊन म्हणाले, "आधी काय चाललं होतं तुमचं? असेच खेळलात तर शेवटून दुसरे-तिसरे याल. चालणार असेल तर या."

परतीच्या टेम्पोत पोरांनी कल्ला केला. अरबाज नवनाथची पाठ बडवत होता. "शेवटून दुसरे! घरजावई झालास, भावा!" रहिमान मागं दुर्गाबाईशेजारी बसला होता. नाशिक फाटा गेला, भोसरी गेली. मोशीच्या पुढं गाडी अडकली तेव्हा ती म्हणाली,

"तुला राग न्हाई ना आला माझा? पाठ केली म्हून."

"नाही, मावशी."

"वरीसभर बसले मी तितं. तू म्हनला, हाका मारतो. मला वाटलं, तुला मारतो तर एक दिवस आईला बी मारंल. पोतं टाकून कान लावून बसायची." ती बाहेर ट्रेलरच्या रांगेकडं बघत होती. "मला चेंडूच आला बग. हाक न्हाई आली कवा."

रहिमान इतके दिवस समजत होता की ती त्याच्याच सोबत ऐकतेय.

"आता काय म्हंतोय तो?" तिनं विचारलं. "दुसऱ्याला उभं केल्यावर? रागावलाय का?"

पोरांचा कल्ला चालला होता. रहिमाननं डोळे मिटले आणि डावीकडं कान दिला, जसा वर्षभर देत होता. नवनाथच्या पायात चेंडू दिल्यापासून तिकडून काही आलं नव्हतं. त्यानं थोडं थांबून पुन्हा ऐकलं. हॉर्न, टेम्पोची घरघर, अरबाजचं हसणं. बाकी काही नाही.

दुर्गाबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"नाही, मावशी," तो म्हणाला. "रागावला नाही. चांगले खेळलात म्हणतोय."

"आजून काय म्हंतो?"

टेम्पो जागचा हलत नव्हता. रहिमान तिला सांगत राहिला.